तोरणमाळचा माथा आणि पायथा

सातपुड्यातल्या तोरणमाळला निघालेली पाहुणे मंडळी शहाद्यात चहाला थांबली की एक प्रश्न हमखास येतो: वर वाघ दिसतो का? एवढा उंच डोंगर, एवढं जंगल, म्हणजे अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान असणारच, अशी त्यांची समजूत असते. महाराष्ट्रात सहा राष्ट्रीय उद्यानं आहेत, त्यातलं एकही खान्देशात नाही. अभयारण्यं आहेत: सातपुड्यात यावल, शिरपूर तालुक्यात अनेर धरण आणि दक्षिणेला चाळीसगावच्या डोक्यावर गौताळा औट्रमघाट. तोरणमाळ या यादीत नाही. त्याला २०१६ साली ‘संवर्धन राखीव’ असा निराळा दर्जा मिळाला. तो निराळा का आणि इतक्या उशिरा का, हे समजून घ्यायचं तर दोनशे वर्षं मागं जावं लागतं.

आधी डोंगराची ठेवण. शहाद्याहून म्हसावदमार्गे निघालं की तासभर केळी, ऊस, पपईची सपाटी लागते. मग सागाचं विरळ जंगल, आणि शेवटी सातपायरी घाटाची वळणं. माथा समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरपेक्षा उंच. यशवंत तलाव, सीताखाई, गोरखनाथाचं मंदिर, महाशिवरात्रीची यात्रा हे सगळं वर पठारावर आहे. मे महिन्यात तापीकाठी जीव कासावीस होत असताना वर अंगावर शाल घ्यावी लागते, म्हणून आपली माणसं वर जातात. पण पठाराचा बराच भाग मोकळा आहे. दाट जंगल आहे ते उतारांवर, आणि जुनं सागवान होतं ते अगदी पायथ्याच्या पट्ट्यात. पुढची सगळी हकीगत या पट्ट्याभोवती फिरते.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि खान्देश इंग्रजांकडे गेला, तेव्हा इथली अनेक गावं ओस पडलेली होती. होळकरांच्या काळातल्या धामधुमीनं आणि दुष्काळानं शेतं मोडली होती, त्यात रान माजलं होतं, आणि रानामागोमाग वाघ थेट तापीच्या काठापर्यंत उतरले होते. नव्या सरकारच्या लेखी जंगल म्हणजे दोन गोष्टींचा अड्डा: वाघ आणि बंडखोर भिल्ल. १८२५ मध्ये जेम्स औट्रम या तरुण अधिकाऱ्यानं भिल्लांचीच पलटण उभी केली, खान्देश भिल्ल कोअर. तिचं ठाणं धरणगावात होतं. औट्रमनं भिल्ल तरुणांचा विश्वास मिळवला तो त्यांच्याबरोबर शिकारीला जाऊन. पुढच्या दहा वर्षांत त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी खान्देशात मारलेल्या वाघांची संख्या शेकड्यांत मोजतात. चाळीसगाव–कन्नड घाटाला त्याचं नाव पडलं आणि १९८६ साली तिथं अभयारण्य झालं तेव्हा ते नावही सोबत आलं. वन्यजीवांसाठी राखलेल्या जंगलावर खान्देशातल्या सगळ्यात मोठ्या वाघमाऱ्याचं नाव आहे, हे फलक वाचणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं, मला शंका आहे.

भिल्ल मात्र सगळेच पलटणीत गेले नाहीत. खाज्या नाईक, भीमा नाईक यांच्या नेतृत्वाखाली सातपुडा पेटला, आणि ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणीच्या डोंगरात मोठी लढाई झाली. तिच्यात भिल्ल स्त्रियाही लढल्या. १८७८ चा वन कायदा आला तो त्यानंतर वीस वर्षांनी. त्यानं जंगलाची ‘राखीव’ आणि ‘संरक्षित’ अशी वाटणी केली. भिल्ल-पावरा-तडवी माणसं ज्याला आपला हक्क समजत होती, ते मोह, चारोळी, बांबू, डिंक, गुरांची चराई, सगळं सरकारी कागदात ‘सवलत’ झालं. हा एक शब्द बदलला आणि पुढच्या सव्वाशे वर्षांचं भांडण सुरू झालं.

याच सुमारास, १८८० नंतरच्या तीन-चार वर्षांत, जेम्स डेव्हिडसन नावाचा एक सनदी अधिकारी खान्देशात होता. त्याला पक्ष्यांचा नाद होता. शहादा आणि तळोदा भागातून त्यानं एका छोट्या घुबडाचे नमुने गोळा केले. या पक्ष्याचं शास्त्रीय वर्णन ॲलन ह्यूमनं १८७३ मध्ये केलं होतं, आजच्या छत्तीसगडातल्या नमुन्यावरून. आपण त्याला रानपिंगळा किंवा वनपिंगळा म्हणतो. गावाजवळच्या साध्या पिंगळ्यासारखाच दिसतो, पण डोक्यावर पांढरे ठिपके जवळजवळ नाहीत, अंगानं दणकट, पायावर पांढरी भरगच्च पिसं, आणि मुख्य म्हणजे हा दिवसा शिकार करतो. डेव्हिडसननंतर तो कोणाला दिसेना. सालिम अली आणि डिलन रिप्ली या नामवंत पक्षीतज्ज्ञांनीही शोधला, मिळाला नाही. पक्षी संपला, असंच बहुतेक धरून चालले.

शोध चुकण्याचं एक कारण फार विचित्र होतं. रिचर्ड माइनर्त्सहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात एक रानपिंगळा होता, चिठ्ठीवर ‘१९१४, मांडवी, गुजरात’ असं लिहिलेलं. सगळ्यांनी ती नोंद खरी मानली. पॅमेला रासमुसेन या अमेरिकन अभ्यासिकेनं संग्रहालयातले नमुने पुन्हा तपासले तेव्हा चोरी उघडी पडली. तो पक्षी डेव्हिडसनचाच होता. ब्रिटिश संग्रहालयातून उचलून, आतलं भरण बदलून, खोटी चिठ्ठी लावलेला. म्हणजे पक्षी १९१४ मध्ये गुजरातेत दिसलाच नव्हता, आणि त्याचा शेवटचा खरा माग खान्देशात होता. रासमुसेन आणि तिचे सोबती बेन किंग, डेव्हिड ॲबट आधी छत्तीसगडाकडच्या जुन्या जागा पाहून आले, मग शहाद्याला आले. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी, तोरणमाळच्या पायथ्याच्या जंगलात, निष्पर्ण झाडावर उन्हात बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. एकशेतेरा वर्षांनी.

त्या तीन पाहुण्यांना तो काही दिवसांत सापडला. आणि आमच्या भागातले गुराखी, लाकूडफाट्याला जाणाऱ्या बाया त्याला रोज पाहत असतील. घुबड अपशकुनी म्हणून त्याच्याकडे डोळे भरून कोणी पाहिलं नसेल, एवढंच. मला ही गोष्ट लहानपणापासून टोचते. आपल्या डोंगरात काय आहे हे आपल्याला बाहेरून कळलं.

पण तोवर पायथ्याचं काय झालं होतं, तेही सांगायला हवं. सरदार सरोवर धरणाच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली ३३ गावं जाणार होती, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली, नर्मदाकाठची. त्या कुटुंबांना जमीन द्यायची म्हणून १९९० मध्ये तळोद्याचं २,७०० हेक्टर वनक्षेत्र मोकळं करण्यात आलं, १९९४ मध्ये आणखी १,५०० हेक्टर. सपाट, पायथ्याचं जंगल. डेव्हिडसननं जिथून पक्षी नेले तोच हा मुलूख. विस्थापितांना जमीन मिळणं हा त्यांचा हक्कच होता. घर, शेत, नदी सगळं गेलेल्या माणसाला दोष देण्याचा प्रश्नच येत नाही. पण त्यांचं पुनर्वसन करताना जंगलाचा नेमका कोणता तुकडा जातोय आणि त्यात कोण राहतं, हे कुणी मोजलंच नाही. रानपिंगळ्याला घरट्यासाठी जुन्या, जाड झाडांच्या ढोल्या लागतात आणि सरडे, उंदीर टिपायला मोकळं सागाचं रान. डोंगराच्या कड्यावर ते मिळत नाही. पक्षी सापडला तेव्हा त्याच्या घराचा मोठा भाग आधीच गेला होता.

१९९८–९९ च्या पाहणीत तोरणमाळ आणि तळोद्यासह मध्य प्रदेशातल्या जंगलांत काही पक्षी मिळाले. नंतर मेळघाटात आणि आपल्या यावललाही. आज सर्वांत जास्त रानपिंगळे मेळघाटात आहेत, कारण तिथं व्याघ्र प्रकल्पामुळे जुनी झाडं राहिली.

यावलची कथा थोडी वेगळी. ते अभयारण्य १९६९ चं, म्हणजे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्याही आधीचं. क्षेत्र साधारण १७५ चौरस किलोमीटर, रावेर-यावल तालुक्यांच्या उत्तरेला, पालजवळ सुकी नदीच्या आसपास, पलीकडे लगेच मध्य प्रदेश. कागदावर खान्देशातलं हे सर्वांत जुनं संरक्षण. प्रत्यक्षात तिथं झाडतोड आणि अतिक्रमणाचे वाद वर्षानुवर्षं चालले. २००६ चा वनहक्क कायदा आल्यावर जुने कसणारे आणि नवे घुसलेले यांचा गुंता आणखी वाढला. आत राहणाऱ्या माणसांना कधी विश्वासात घेतलं नाही, हे मला त्यामागचं मूळ वाटतं.

‘संवर्धन राखीव’ हा दर्जा वन्यजीव कायद्याच्या २००२ च्या दुरुस्तीनं आला. सरकारी जमिनीवर, स्थानिकांशी बोलून तो जाहीर करायचा. लोकांचे हक्क काढून घेतले जात नाहीत, आणि व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतींचे प्रतिनिधी असतात. मुक्ताईनगरकडच्या वढोदा–डोलारखेडा पट्ट्याला २०१४ मध्ये ‘मुक्ताई भवानी’ या नावानं हाच दर्जा मिळाला. पाहुण्यांना वाघाचंच विचारायचं असेल तर खान्देशात तो त्या पट्ट्यात आहे, मेळघाटाकडून येणाऱ्या वाटेवर. तोरणमाळला त्यानंतर दोन वर्षांनी मिळाला. ज्या डोंगरात पाडे आहेत, आमचुरासाठी आंबे वाळत घातलेली अंगणं आहेत, दिवाळीत अस्तंबा डोंगराच्या यात्रेला रात्रभर चालणारी माणसं आहेत, तिथं अभयारण्यापेक्षा हीच चौकट मला रास्त वाटते. समितीची बैठक खरोखर होते का आणि पाड्यावरचा माणूस तिथं बोलतो का, यावर सगळं अवलंबून.

जायचं तर पावसाळ्यात धबधब्यांसाठी सगळेच जातात. मी नोव्हेंबर-डिसेंबर सांगेन, पानगळ सुरू झाली की. गाडी थेट घाटाला लावू नका. सकाळी आठ-नऊच्या उन्हात पायथ्याच्या सागाच्या रानात थांबा, आवाज बंद ठेवा, मोबाइलवर पक्ष्याची हाक वाजवून त्याला बोलावू नका. वाळक्या फांदीच्या शेंड्यावर मुठीएवढं करडं काही बसलेलं असेल आणि ते शेपटी आडवी हलवत असेल, तर दुर्बीण सावकाश वर करा.