अर्जापासून प्रश्नापर्यंत : आमदार मंत्र्याला जाब विचारतो त्यामागचा इतिहास

विधानसभेच्या तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराच्या प्रश्नांची यादी हातात घेतली की आधी तिची भाषा नजरेत भरते. ‘सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ अशी सुरुवात. मग एकाखाली एक तुकडे : अमुक घडले, हे खरे आहे काय, असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? खाली उत्तर : ‘हे खरे आहे’, ‘अंशतः खरे आहे’, नाहीतर ‘प्रश्न उद्भवत नाही’. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एखाद्या आमदाराच्या नावावर एकाच अधिवेशनात पंचगंगेचं सांडपाणी, उसाची थकलेली बिलं, सरकारी दवाखान्यातली रिकामी पदं आणि शाळेच्या गळक्या खोल्या असे निरनिराळ्या खात्यांचे प्रश्न दिसतात. अनेकांना ही भाषा रुक्ष वाटते. मला ती तशी कधी वाटली नाही. ‘हे खरे आहे काय’ हे चार शब्द सरकारला विचारायचा हक्क कोल्हापूरकराच्या हाती येऊन जेमतेम पाऊण शतक झालं आहे, आणि तो आपसूक आलेला नाही.

ब्रिटिश मुलखात या हक्काची सुरुवात फार तुटपुंजी होती. १८६१ च्या कायद्याने मुंबई इलाख्याला कायदेमंडळ मिळालं, १८६२ मध्ये त्याची पहिली बैठक झाली. पण तिथे बसलेल्यांनी समोर आलेल्या विधेयकावर बोलायचं, एवढंच. कारभाराबद्दल सरकारला काही विचारण्याची सोयच नव्हती. ती आली १८९२ च्या कायद्याने, तीही हात आखडून. आधी लेखी सूचना द्यायची, अध्यक्षाला प्रश्न नाकारता येणार, आणि उत्तर मिळालं की गप्प बसायचं. उत्तरावर चर्चा नाही, पुढचा प्रश्न नाही. सरकारने ‘चौकशी चालू आहे’ म्हटलं की विषय तिथेच संपायचा.

या पुढच्या प्रश्नालाच आपल्याकडे उपप्रश्न म्हणतात, आणि माझ्या मते प्रश्नोत्तराच्या तासाचा सगळा जीव त्यातच आहे. छापील उत्तर खात्यातला कारकून लिहितो, सचिव तपासतो, मंत्री वाचून दाखवतो. उपप्रश्न आला की मात्र मंत्र्याला स्वतः उभं राहावं लागतं आणि त्याला खातं किती कळलंय ते सभागृहापुढे उघडं पडतं. १९०९ च्या सुधारणांनी उपप्रश्नाला परवानगी दिली, पण ज्याने मूळ प्रश्न विचारला त्यालाच. १९१९ च्या कायद्यानंतर ती सगळ्या सभासदांना मिळाली. म्हणजे ‘विचारा’ पासून ‘पुन्हा विचारा’ पर्यंत यायला सत्तावीस वर्षं लागली.

या काळातलं सर्वांत मोठं नाव आपल्याच भागात वाढलेलं आहे. गोपाळ कृष्ण गोखले जन्माने रत्नागिरी जिल्ह्यातले, पण त्यांचं शालेय शिक्षण कागलला आणि कोल्हापूरला झालं. राजाराम कॉलेजातही ते काही काळ होते. आधी मुंबईच्या कायदेमंडळात आणि १९०२ पासून व्हाइसरॉयच्या कौन्सिलात त्यांनी सरकारचेच आकडे सरकारपुढे मांडून जाब विचारला. अंदाजपत्रकावर तेव्हा मतदान नव्हतं, फक्त बोलता यायचं. तरी मणामागे अडीच रुपये असलेल्या मिठावरच्या कराबद्दल ते बोलत राहिले आणि १९०३ पासून तो कर टप्प्याटप्प्याने उतरत गेला. १९११ मध्ये त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं. १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं.

पाच वर्षांनी, १९१७ मध्ये, राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. कलकत्त्याला व्हाइसरॉयच्या कौन्सिलात बहुमताने नाकारलेली गोष्ट इथे एका राजाच्या हुकमाने झाली. आम्हा कोल्हापूरकरांना याचा अभिमान आहे आणि तो रास्तच आहे. १९०२ च्या जुलैतला पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम, राधानगरीचं धरण, वसतिगृहं, यांतलं काहीही कुणी सभागृहात प्रश्न विचारला म्हणून झालेलं नाही. महाराज सोनतळीच्या कॅम्पवर कुणाचंही गाऱ्हाणं ऐकून घ्यायचे, रस्त्यात गाडी थांबवून म्हातारीचा अर्ज हातात घ्यायचे, हे आजही घराघरांत सांगितलं जातं.

पण अर्ज आणि प्रश्न यांत फरक आहे, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. अर्ज करणारा दारात उभा असतो. ऐकणारा दयाळू असेल तर काम होतं, आणि नसेल तर त्याला कुणी का म्हणून विचारू शकत नाही. प्रश्न विचारणारा सभागृहात बरोबरीने बसलेला असतो, आणि त्याला उत्तर देणं हे समोरच्याचं कर्तव्य असतं. शाहू महाराजांसारखा राजा पिढ्यांतून एकदा मिळतो. १९२२ मध्ये ते गेले. त्यानंतर सत्तावीस वर्षं संस्थान होतं, आणि अर्ज करण्यापलीकडे रयतेच्या हातात फारसं काही नव्हतं.

मुंबईच्या कायदेमंडळाचाही उपयोग नव्हता, कारण संस्थानांच्या विषयांवर तिथे बोलण्याला आडकाठी होती. १९०९ च्या नियमांत ती होती आणि १९३५ च्या कायद्यातही गव्हर्नरच्या संमतीशिवाय संस्थानाबद्दल प्रश्न विचारता येत नव्हता. शिरोळच्या शेतकऱ्याची तक्रार मुंबईत कुणी काढायची म्हटली तरी ती नियमातच बसायची नाही.

गंमत नव्हे, दुःख याचं, की उत्तर द्यायला मात्र कोल्हापूरची माणसं तिथे होती. करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानच्या नोकरीत मोठ्या जागा सांभाळलेले आणि सत्यशोधक चळवळीतले भास्करराव जाधव १९२० च्या दशकात मुंबई सरकारात मंत्री होते. कोल्हापूरचे दिवाण राहिलेले अण्णासाहेब लठ्ठे १९३७ मध्ये बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले. मुंबईच्या सभागृहात हे दोघे इलाख्यातल्या सभासदांच्या प्रश्नांना तोंड देत होते. ज्या कोल्हापुरात ते घडले, तिथल्या माणसाला मात्र त्यांना विचारायची जागा नव्हती.

ती जागा मिळवायला प्रजा परिषद उभी राहिली. १९३९ मध्ये भाई माधवराव बागल, रत्नाप्पा कुंभार यांच्या पुढाकाराने तिची स्थापना झाली. मागणी होती जबाबदार राज्यपद्धतीची. ‘जबाबदार’ या शब्दाचा तेव्हाचा अर्थ नेमका होता : कारभार करणारा मंत्री लोकांनी निवडलेल्या सभेला उत्तर देण्यास बांधलेला असला पाहिजे. त्यासाठी सभा झाल्या, मोर्चे निघाले, लोक तुरुंगात गेले, भूमिगत झाले. रत्नाप्पा पुढे संविधान सभेचे सदस्य झाले. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झालं आणि १९५२ च्या निवडणुकीत इथल्या सर्वसामान्य माणसाने पहिल्यांदा मुंबईच्या विधानसभेसाठी मत दिलं.

१९५७ ला संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत पश्चिम महाराष्ट्रातून विरोधी बाकांवर मोठी फौज गेली आणि प्रश्नोत्तरांना धार आली. त्याच वर्षी दिल्लीत काय घडलं तेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत पैसे गुंतवल्याबद्दल लोकसभेत प्रश्न आला, उत्तर गुळमुळीत मिळालं, फिरोज गांधींनी विषय सोडला नाही, न्यायमूर्ती छागलांचा चौकशी आयोग बसला आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारींना राजीनामा द्यावा लागला. फिरोज गांधी सत्ताधारी पक्षाचेच खासदार होते. आपल्याच सरकारला प्रश्न विचारणं म्हणजे गद्दारी, असं मानणाऱ्या आजच्या आमदारांनी हा दाखला जवळ ठेवावा.

कोल्हापूरला या परंपरेचा विषय निघाला की प्रा. एन. डी. पाटील यांचं नाव आपोआप येतं. शेतकरी कामगार पक्षाचे एन. डी. १९६० ते १९८२ या काळात एकूण अठरा वर्षं विधान परिषदेत होते, १९८५ ते १९९० कोल्हापूरचे आमदार होते आणि मधल्या काळात, १९७८ ते १९८०, सहकार मंत्री होते. विचारणारा आणि उत्तर देणारा, दोन्ही बाजूंचा अनुभव असलेला असा माणूस विरळा. ऊस, कापूस, वीज, शिक्षण, सीमाप्रश्न असा त्यांचा पसारा होता, पण तो चाळवाचाळव करण्याचा पसारा नव्हता. विषयाची आकडेवारी, कायद्याचं कलम आणि शेतकऱ्याच्या घरचा हिशोब हातात असल्याशिवाय ते उभे राहत नसत. सभागृह सुटलं तरी त्यांचे प्रश्न सुटले नाहीत. कोल्हापूरच्या टोलविरुद्धच्या लढ्यात ते आणि गोविंद पानसरे रस्त्यावर उतरले, आणि सरकारला टोल मागे घ्यावा लागला. १७ जानेवारी २०२२ रोजी एन. डी. गेले.

आता थोडं कामकाजाबद्दल, कारण कुठला प्रश्न कुठे आणि कशाच्या रूपात विचारायचा हेच अनेकांना ठाऊक नसतं. तारांकित प्रश्नाचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतो आणि त्यावर उपप्रश्न येतात. अतारांकिताचं उत्तर लेखी मिळतं. माहिती काढायला तो चांगला, पण मंत्र्याला घाम फोडायला निरुपयोगी. घडामोड ताजी असेल तर लक्षवेधी सूचना, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधायचं. ही तरतूद खास भारतीय आहे, लोकसभेच्या नियमांत ती १९५४ मध्ये आली आणि आपल्या विधानसभेत ती नियम १०५ खाली मांडतात. अलीकडे लक्षवेधींचा इतका पूर येतो की एकाही विषयाला पुरता वेळ मिळत नाही. ‘माहिती घेऊन सभागृहाला सांगतो’, ‘तपासून कारवाई करू’ असं मंत्री बोलून गेला तर ते आश्वासन ठरतं आणि ते पाळलं की नाही हे पाहायला आश्वासन समिती असते. लोकसभेत ती १९५३ पासून आहे, विधिमंडळातही आहे. माझ्या मते सर्वांत कमी वापरलेलं हत्यार तेच. प्रश्न विचारल्याची बातमी आमदार छापून आणतात, आश्वासनाचं पुढे काय झालं याची क्वचितच कुणी आणतो.

दुसरी गोष्ट अधिकारक्षेत्राची. उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचा किमान दर, केंद्र सरकार ठरवतं, म्हणून ‘दर किती’ हा प्रश्न खासदाराने दिल्लीत विचारायचा. पण १९६६ च्या साखर नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे असतात आणि ते कारखान्याकडून वसूल करायचं काम राज्याच्या साखर आयुक्तांचं, म्हणून ‘पैसे का थकले’ हा प्रश्न आमदाराचा. अलमट्टीचंही तसंच. कृष्णेवरचं हे धरण कर्नाटकाचं, पाणी आमच्या दारात. कृष्णा पाणी तंटा लवादाने २०१० मध्ये साठ्याची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायला मान्यता दिली. त्याविरुद्ध राज्याने काय भूमिका घेतली हे विधानसभेत विचारता येतं. केंद्र काय करणार हे संसदेतच. कोल्हापूर जिल्ह्यात विधानसभेचे दहा आमदार आणि लोकसभेचे दोन खासदार आहेत. त्यांनी एकमेकांशी बोलून प्रश्न वाटून घेतले, तर मंत्र्यांना हा विषय आमच्या अखत्यारीत येत नाही असं म्हणून सुटता येणार नाही.

काही प्रश्न तर पिढ्यांचे झाले. १९७२ मध्ये कोल्हापूरची महानगरपालिका झाली, पण दशकामागून दशकं शहराची हद्द तीच राहिली. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ येऊन माणसं दगावली, तेव्हा पंचगंगेचं पाणी राज्यभर गाजलं. नदीबद्दलचे प्रश्न त्याआधीही होते, त्यानंतरही आहेत. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाची मागणी चाळीस वर्षांहून जुनी होती. वकिलांनी कामबंद आंदोलनं केली, सहा जिल्ह्यांचे लोकप्रतिनिधी तो विषय काढत राहिले आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंचचं काम सुरू झालं. एका प्रश्नाने एवढं मोठं काम होत नाही, पण दर अधिवेशनात कुणीतरी विचारलं की सरकारला ते विसरल्याचं सोंग घेता येत नाही.

राहिला पूर. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. त्या वर्षीचं पावसाळी अधिवेशन २ जुलैलाच संपलं होतं. ऑक्टोबरात निवडणूक झाली, सरकार बदललं, आणि नागपूरचं अधिवेशन भरलं ते डिसेंबरच्या मध्यावर. पुराच्या दिवसांत राज्याचे मुख्यमंत्री असलेले देवेंद्र फडणवीस तोवर विरोधी पक्षनेते झाले होते. बोटी वेळेवर का आल्या नाहीत, धरणांतून पाणी कधी आणि किती सोडलं, हे प्रश्न ज्यांना विचारायचे त्यांतले बरेच जण आता प्रश्न विचारणाऱ्यांच्या बाकांवर होते. २०२१ मध्ये पावसाळी अधिवेशन दोनच दिवसांचं, ५ आणि ६ जुलैचं. नदी चढली २२ जुलैनंतर, आणि या वेळी २०१९ पेक्षाही वर गेली. पुढचं अधिवेशन त्या वर्षी नागपूरऐवजी मुंबईत झालं, २२ डिसेंबरला. नदीकाठच्या प्रयाग चिखलीच्या माणसाच्या घरातला चिखल निघून, भिंती वाळून, नवा ऊस गुडघ्याएवढा झाल्यावर त्याच्या पुराचा प्रश्न सभागृहात पोचला.