संपलेली गोष्ट पुन्हा सुरू करण्याची कला : विज्ञानपटांच्या सिक्वेल-प्रीक्वेलची पार्श्वभूमी

१९७० साली प्रदर्शित झालेल्या 'बिनीथ द प्लॅनेट ऑफ द एप्स' या चित्रपटाच्या शेवटी एका महाबॉम्बने अख्खी पृथ्वी नष्ट होते. इतक्या निर्णायकपणे संपवलेल्या कथेला पुढचा भाग असू शकत नाही, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात तो पुढच्याच वर्षी पडद्यावर आला. पटकथाकार पॉल डेन यांनी तीन वानरांना स्फोटाआधीच एका जुन्या अवकाशयानातून निसटवले, काळात मागे नेले आणि विसाव्या शतकातल्या अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ समुद्रात उतरवले. तिथून पुढे १९७२ आणि १९७३ साली आणखी दोन भाग निघाले. खर्चाच्या बाबतीत स्टुडिओने मूळ चित्रपटाच्या तुलनेत हात आखडता घेतला होता आणि ते पडद्यावर दिसतही होते, पण या भागांनी एक वेगळेच काम केले. मानवांच्या जगात वानरांचे राज्य मुळात आले कसे, हा १९६८च्या पहिल्या चित्रपटाने न सांगितलेला भूतकाळ त्यांनी रचला. नावापुरते ते पुढचे भाग होते. आशयाने ती पूर्वकथाच होती.

हेरकथेचा नायक पुढच्या भागात नव्या कामगिरीवर निघतो, एवढ्यावर काम भागते. विज्ञानपटाजवळ मात्र शेवट उलटवण्याची हत्यारे जात्याच असतात. कालप्रवास, समांतर विश्व, क्लोनिंग, शेकडो वर्षांची शीतनिद्रा या कल्पना कथेचा विषय म्हणून जन्माला आल्या, आणि पुढे मेलेल्या पात्राला परत आणण्यासाठी किंवा फसलेला भाग पुसून टाकण्यासाठी निर्मात्यांच्या उपयोगी पडल्या. पुढचा भाग काढण्याची गरज बहुतेक वेळा व्यवहारातून येते, कथेतून नव्हे. विज्ञानपट त्या गरजेला कथेचे रूप देऊ शकतो, हे त्याचे वैशिष्ट्य आहे. येत्या काळात येऊ घातलेल्या चित्रपटांच्या घोषणा वाचताना हा इतिहास ठाऊक असला तर पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

हा प्रकार बोलपटाच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांपासूनचा आहे. १९३३च्या मार्च महिन्यात 'किंग काँग' प्रदर्शित झाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात 'सन ऑफ काँग' तयारही होता. तो किती घाईत उरकला असेल, हे या तारखांवरूनच कळते. याउलट १९३५च्या 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन'कडे पाहावे. चार वर्षांपूर्वीच्या चित्रपटात राक्षस जळत्या पवनचक्कीत सापडला होता. दिग्दर्शक जेम्स व्हेल यांनी तो चक्कीखालच्या पाण्यामुळे वाचला असे दाखवले. एवढेच नव्हे, तर आरंभी मूळ कादंबरीची लेखिका मेरी शेली हिलाच पात्र म्हणून पडद्यावर आणून, गोष्ट अजून संपलेली नाही, असे तिच्याच तोंडून वदवले. राक्षस आपल्यासाठी जोडीदारीण मागतो, हा मूळ कादंबरीतला भाग पहिल्या चित्रपटात राहून गेला होता. तो इथे कामी आला. मूळ लेखनात शिल्लक असलेले काही सांगण्यासाठी काढलेला पुढचा भाग आणि केवळ गल्ल्यासाठी काढलेला पुढचा भाग यांतला फरक इतक्या लवकर स्पष्ट झाला होता.

जपानमध्ये तोहो स्टुडिओने निराळी वाट काढली. १९५४च्या 'गॉडझिला'त तो प्राणी समुद्राच्या तळाशी विरघळून जातो. पण असा आणखी एखादा प्राणी जगात असू शकेल, ही शंका एक वृद्ध शास्त्रज्ञ शेवटी बोलून दाखवतो. त्या एका वाक्याच्या फटीतून १९५५ साली दुसरा गॉडझिला आला. पुढे भागांची गर्दी झाली आणि सुरुवातीचे गांभीर्य हरवले, तेव्हा १९८४ साली तोहोने फक्त १९५४चा चित्रपट ग्राह्य धरून मधले सगळे बाजूला ठेवले. आज ज्याला रीबूट म्हणतात, त्याचा हा संयत अवतार म्हणता येईल.

अमेरिकेत पुढच्या भागाचे अर्थशास्त्र बदलले ते जॉर्ज लुकास यांच्या करारामुळे. 'स्टार वॉर्स'च्या वेळी त्यांनी ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सकडे वाढीव मानधनाचा आग्रह धरला नाही. पुढच्या भागांचे आणि खेळणी वगैरे वस्तूंच्या विक्रीचे हक्क तेवढे मागून घेतले. त्या काळी या हक्कांना फारशी किंमत नव्हती, म्हणून स्टुडिओनेही ते सोडले. चित्रपट पडला तर स्वस्तातला पुढचा भाग काढता यावा, अशी तजवीजही करून ठेवली होती : अ‍ॅलन डीन फॉस्टर यांच्याकडून एक कादंबरी लिहून घेतली गेली, तिचे कथानक धुक्याने वेढलेल्या ग्रहावर घडवण्यात आले, कारण धुके असले की सेटचा खर्च वाचतो, आणि हॅरिसन फोर्ड यांच्याशी पुढच्या भागाचा करार नसल्यामुळे त्यांचे पात्र त्यात घेतलेच नाही. १९७७च्या मे महिन्यात चित्रपट लागला आणि ती तजवीज निरुपयोगी ठरली. १९८०चा 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' लुकास यांनी स्वतःचा पैसा आणि कर्ज यांवर उभा केला.

या दुसऱ्या भागाने आणखी एक पायंडा पाडला, आणि माझ्या मते त्याचे महत्त्व करारापेक्षा कमी नाही. खलनायक हाच नायकाचा पिता असल्याचा प्रसिद्ध गौप्यस्फोट ली ब्रॅकेट यांनी लिहिलेल्या पहिल्या खर्ड्यात नव्हता. तिथे नायकाचे वडील निराळे असून आत्मरूपाने त्याला भेटतात. म्हणजे १९७७चा चित्रपट बनवताना जे कोणाच्याही पक्के मनात नव्हते, ते १९८० साली त्याच्या मुळाशी घालण्यात आले आणि तेव्हापासून प्रेक्षक पहिला भागही त्याच दृष्टीने पाहतात. शीर्षकाचेही तसेच झाले. दुसरा चित्रपट 'पाचवा अध्याय' म्हणून झळकला आणि पहिल्या चित्रपटावर 'चौथा अध्याय' ही पाटी १९८१च्या पुनःप्रदर्शनात लागली. ज्यांच्या जागा अशा रिकाम्या ठेवल्या होत्या, ते तीन आधीचे अध्याय १९९९, २००२ आणि २००५ साली आले. पुढे २०१२ साली डिस्नेने लुकासफिल्म ही कंपनी सुमारे चार अब्ज डॉलरला विकत घेतली. एके काळी मानधनाच्या बदल्यात सुटलेल्या हक्कांची ही वाढत गेलेली किंमत होती.

हक्कांचा हाच प्रश्न 'टर्मिनेटर'च्या बाबतीत उलट दिशेने गेला. जेम्स कॅमेरॉन यांनी आपली पटकथा निर्मात्या गेल अ‍ॅन हर्ड यांना एका डॉलरला दिली होती. अट एवढीच, की दिग्दर्शन आपणच करणार. १९८४चा तो चित्रपट चालला, १९९१चा दुसरा भाग त्या वर्षी जगभरात सर्वाधिक कमाई करणारा ठरला, पण त्याची निर्मिती करणारी कॅरोल्को ही कंपनी १९९५ साली दिवाळखोरीत गेली. त्यानंतर हक्क हातोहात फिरत राहिले. २००९चा भाग काढणारी हॅल्सियन कंपनीही त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली. २००९, २०१५ आणि २०१९ या तिन्ही भागांकडे नव्या त्रयीचा आरंभ म्हणून पाहिले गेले आणि तिन्हींची गाडी पहिल्याच स्थानकावर थांबली. २०१९च्या भागाने तर १९९१नंतरचे सगळे घडलेच नाही असे गृहीत धरले. कालप्रवासाच्या मालिकेत असे करणे सोपे असते, पण दर वेळी भविष्य बदलणार असेल तर प्रेक्षकाने कशाची चिंता करायची, हा प्रश्न उरतोच. यातच अमेरिकी कॉपीराइट कायद्यातली एक तरतूद अशी आहे, की काही अटींवर मूळ लेखक ३५ वर्षांनंतर दिलेले हक्क परत मागू शकतो. ऐंशीच्या दशकातल्या लोकप्रिय विज्ञानपटांची ही मुदत अलीकडच्या काळात भरू लागली आहे, आणि 'प्रीडेटर'चे लेखक व स्टुडिओ यांच्यात २०२१ साली यावरूनच कोर्टकज्जा झाला होता.

हक्क एका ठाम हातात असले की काय होते, याचे उदाहरण 'बॅक टू द फ्यूचर' आहे. दुसरा आणि तिसरा भाग लागोपाठ चित्रित करून १९८९ आणि १९९० साली प्रदर्शित झाले, आणि दिग्दर्शक रॉबर्ट झेमेकिस व सहलेखक बॉब गेल यांच्या संमतीशिवाय चौथा निघू शकत नसल्यामुळे तो निघालेला नाही.

प्रीक्वेलचे, म्हणजे पूर्वकथेचे, शास्त्र सिक्वेलपेक्षा, म्हणजे पुढच्या भागापेक्षा, अवघड आहे. गंमत अशी की हा शब्दच विज्ञानकथेच्या वर्तुळातून रूढ झाला : छापील स्वरूपातला त्याचा सर्वांत जुना ज्ञात वापर १९५८ सालचा असून, समीक्षक अँथनी बाउचर यांनी तो जेम्स ब्लिश यांच्या एका विज्ञानकादंबरीबद्दल लिहिताना केला होता. पूर्वकथेचा शेवट प्रेक्षकाला आधीच माहीत असतो, त्यामुळे 'पुढे काय' या उत्सुकतेच्या जागी 'हे असे कसे झाले' ही उत्सुकता जागी करावी लागते. ती जागी करताना मूळ कलाकृतीतले गूढच खर्ची पडण्याचा धोका असतो. १९७९च्या 'एलियन'मध्ये परग्रहावरच्या यानात एका महाकाय चालकाचा अश्मीभूत देह दिसतो; तो कोण, कुठला, याचे उत्तर चित्रपट देत नाही आणि त्या न देण्यातच त्याची भीती आहे. त्याचे दिग्दर्शक रिडली स्कॉट यांनीच ३३ वर्षांनी 'प्रोमिथियस'मध्ये त्याचे उत्तर दिले. उत्तर कल्पक होते, तरी त्या देहाकडे आता पूर्वीसारखे पाहता येत नाही, ही हानी झालीच.

दुसरी अडचण वस्तूंची. 'एलियन'चे कथानक २१२२ सालचे आहे, पण त्यातल्या यानात १९७९ची समजूत दिसते : जाड काचेचे पडदे, हिरवी अक्षरे, खटके असलेली बटणे. 'प्रोमिथियस' त्याच्या जवळपास तीस वर्षे आधी घडतो, आणि तरीही तिथे हवेत तरंगणारे त्रिमितीय नकाशे आहेत. भूतकाळ भविष्यापेक्षा पुढारलेला दिसू लागला, तो चित्रपट नंतर बनला म्हणून. पुढच्या निर्मात्यांनी यावर जुन्याचीच नक्कल करण्याचा उपाय शोधला. २०१६च्या 'रोग वन'ने १९७७च्या 'स्टार वॉर्स'चे रंगरूप बारकाईने उभे केले, तर पहिल्या आणि दुसऱ्या 'एलियन'च्या मधल्या काळात घडणाऱ्या २०२४च्या 'एलियन : रोम्युलस'ने तेच जाड पडदे परत आणले. मात्र याच दोन चित्रपटांनी दिवंगत अभिनेत्यांचे चेहरेही संगणकाच्या मदतीने परत आणले : पहिल्याने पीटर कुशिंग यांचा, दुसऱ्याने इयन होम यांचा. वारसांची परवानगी असली तरी ही गोष्ट अनेकांना रुचली नाही, मलाही नाही. २०२३ साली अमेरिकी अभिनेत्यांनी ११८ दिवसांचा संप केला, त्यात अभिनेत्याच्या डिजिटल प्रतिकृतीचा प्रश्न मध्यवर्ती होता, आणि त्याच संपामुळे 'ड्यून'चा दुसरा भाग नोव्हेंबर २०२३ऐवजी मार्च २०२४मध्ये लागला.

दोन भागांतले अंतर हाही स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. 'ब्लेड रनर' आणि त्याचा पुढचा भाग यांत ३५ वर्षे गेली. दोन्ही चित्रपट समीक्षकांनी पुढे डोक्यावर घेतले आणि दोन्ही तिकीटबारीवर कमी पडले. 'ट्रॉन'चे भाग १९८२, २०१० आणि २०२५ असे विखुरलेले आहेत. कॅमेरॉन यांनी 'अवतार'नंतर १३ वर्षे घेतली, ती मुख्यतः पाण्याखाली कलाकारांच्या हालचाली टिपण्याचे तंत्र तयार होईपर्यंत. इतक्या काळात प्रेक्षक विसरून जातील, हे भाकीत २०२२च्या दुसऱ्या भागाने दोन अब्ज डॉलरहून अधिक कमाई करून खोटे पाडले. तिसरा भाग डिसेंबर २०२५मध्ये आला, आणि चौथ्या व पाचव्या भागासाठी अनुक्रमे २०२९ आणि २०३१चे डिसेंबर महिने राखून ठेवल्याचे जाहीर झालेले आहे.

जाहीर वेळापत्रकात वर सांगितलेल्या बहुतेक धाग्यांची पुढची टोके सापडतात. 'स्टार वॉर्स'च्या विश्वातला 'द मँडलोरियन अँड ग्रोगू' मे २०२६साठी जाहीर झाला. दूरचित्रवाणीच्या मालिकेतून मोठ्या पडद्यावर येण्याचा हा मार्ग त्या विश्वाला नवा असला तरी 'स्टार ट्रेक'ने तो १९७९ सालीच चोखाळला होता. ताकाशी यामाझाकी यांच्या 'गॉडझिला मायनस वन'ला २०२४मध्ये दृश्य-परिणामांचे ऑस्कर मिळाले आणि त्याचा पुढचा भागही जाहीर झाला आहे.

सर्वाधिक लक्ष आहे ते 'ड्यून'च्या तिसऱ्या भागाकडे, ज्याची जाहीर तारीख १८ डिसेंबर २०२६ आहे. २०२१च्या चित्रपटावर 'पहिला भाग' असे लिहिलेले असतानाही दुसऱ्याला स्टुडिओची मंजुरी प्रदर्शनानंतरच मिळाली होती, इतकी धाकधूक होती. दिग्दर्शक डेनिस व्हिलेनव यांनी तिसऱ्या भागासाठी निवडलेली 'ड्यून मेसाया' ही कादंबरी १९६९ची. वाचकांनी पहिल्या पुस्तकाचा नायक पॉल याला तारणहार मानले, आणि अशा तारणहारांपासून सावध करणे हाच तर लेखक फ्रँक हर्बर्ट यांचा हेतू होता. म्हणून त्यांनी दुसऱ्या पुस्तकात त्याच्या नावाने झालेल्या संहाराचा हिशेब मांडला. पहिली कथा आपल्या मासिकातून क्रमशः छापणारे संपादक जॉन कॅम्पबेल यांना नायकाचे हे पतन मानवले नाही आणि त्यांनी ही उत्तरकथा नाकारली. ती 'गॅलक्सी' या दुसऱ्या मासिकात छापून आली.