महामार्गाची पर्यावरण जनसुनावणी : हरकत कोणी, कशी द्यायची

मिरज असो की कराड, रस्त्याच्या सुनावणीत पहिला प्रश्न ठरलेला : "गुंठ्याला किती देणार?" प्रश्न रास्त आहे, जागा चुकीची. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घेण्यालाच विरोध असेल, तर १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्यातील कलम ३अ ची अधिसूचना निघाल्यापासून २१ दिवसांत भूसंपादनाच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे लेखी हरकत द्यायची. मोबदल्याचा विषयही त्याच टेबलावरचा. पर्यावरणाच्या जनसुनावणीत बोलायचं ते पाणी, माती, झाडं, धूळ यांवर.

ही सुनावणी प्रत्येक रस्त्याला होत नाही. ती पर्यावरण मंजुरीच्या प्रक्रियेचा भाग आहे. मंजुरीबाबतच्या १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार नव्या राष्ट्रीय महामार्गाला केंद्राची पर्यावरण मंजुरी लागते. जुना राष्ट्रीय महामार्ग रुंद करताना मात्र लांबी १०० किलोमीटरच्या वर आणि जादा जमिनीची रुंदी मूळ मार्गावर ४० मीटर, बायपासला ६० मीटर यापेक्षा जास्त असेल तरच. राज्य महामार्गाचं रुंदीकरण १००० मीटर उंचीच्या वर किंवा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रात असेल तर मंजुरीचं प्रकरण राज्याच्या पर्यावरण प्राधिकरणाकडे जातं. २००१ पासून संवेदनशील क्षेत्र असलेल्या महाबळेश्वर-पाचगणीकरांनी हे ध्यानात ठेवावं. रुंदीकरणाला नवी जमीन लागतच नसेल तर जनसुनावणीतून सूट आहे.

सुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं. किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रांत जाहिरात यावी लागते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. रस्त्याचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र आणि मंडळाच्या कार्यालयात बघायला ठेवतात, मराठी सारांशासह. खरं काम या तीस दिवसांतच होतं. सारांश गुळगुळीत असतो. आपल्या गावाची पानं मूळ अहवालातच शोधा.

सांगलीकडचं उदाहरण घ्या. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. पूरपट्ट्यातून रस्ता भरावावर जाणार असेल तर मोऱ्या किती, कुठे, पाणी कुठून उतरणार, हे विचारा. "पर्यावरणाची हानी होईल" या वाक्याला उत्तरही तसंच गोलमोल मिळतं. "गट नंबर अमुकमधला ओढा नकाशात दाखवलेला नाही" म्हटलं की उत्तर द्यावंच लागतं.

बाधित भागातला कोणीही बोलू शकतो. सातबारा नावावर हवाच असं नाही. कूळ, मजूर, विहिरीचं पाणी भरणारी बाई, सगळे चालतात. बाहेरचे संबंधित लोक लेखी कळवू शकतात. शुल्क नाही, स्टॅम्प पेपर नाही, वकील नाही. साध्या कागदावर नाव, गाव, गट नंबर, अहवालातला पान क्रमांक आणि मुद्दा लिहा. सातबारा, विहिरीचे किंवा पूररेषेचे फोटो असतील तर जोडा. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. तोंडी बोलणार असलात तरी.

अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा निदान अपर जिल्हाधिकारी असतात. गणपूर्तीची अट नाही, म्हणजे दहाच माणसं आली तरी सुनावणी झाली असंच धरतात. चित्रीकरण होतं. शेवटी मुद्द्यांचं इतिवृत्त मराठीत वाचून दाखवायचं असतं, तोवर जेवणाची वेळ झालेली असते आणि मांडव रिकामा. थांबा. तुमचा मुद्दा सुटला असेल तर तिथल्या तिथे सांगा.

पुढे तज्ज्ञ समिती छाननी करते. हरकतींना दिलेली उत्तरं अंतिम अहवालात येतात, मंजुरीपत्र केंद्राच्या पर्यावरण मंजुऱ्यांच्या परिवेश पोर्टलवर पाहता येतं. ते मान्य नसेल तर ३० दिवसांत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं. पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यातच आहे.