अकरावीचे कॉलेज आणि पदवीचे कॉलेज

दहावीनंतर मूल तालुक्याच्या गावी जाऊ लागले की रत्नागिरी-सिंधुदुर्गातील घरांत ‘आता कॉलेजात जाते’ असे सांगितले जाते, आणि दोन वर्षांनी ते पदवीच्या वर्गात जाऊन बसले तरी शब्द तोच राहतो. त्यामुळे कोणत्या कॉलेजातल्या मुलाला मोठे समजायचे, याबाबत नेहमी घोटाळा होतो.

अकरावी-बारावीचे कनिष्ठ महाविद्यालय नावाने महाविद्यालय असले तरी त्याची घडण शाळेची आहे. ते पुष्कळदा हायस्कूलच्याच आवारात भरते, अनेक ठिकाणी गणवेश असतो, आणि बारावीची परीक्षा दहावीप्रमाणे राज्य मंडळच घेते. पदवी महाविद्यालये मात्र इकडे बहुतांशी मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. तिथे सत्रे आली आणि विषय निवडण्याची जबाबदारीही आली.

माझ्या मते खरा फरक सहीचा आहे. अकरावीच्या प्रवेशअर्जावर पालकाच्या सहीवाचून पान हलत नाही. 1875च्या सज्ञानता कायद्यानुसार वयाची 18 वर्षे पूर्ण होताच व्यक्ती सज्ञान ठरते, आणि हा वाढदिवस बहुतेकांच्या बाबतीत बारावीच्या वर्षात किंवा पदवीच्या पहिल्या वर्षात येतो. म्हणजे कायद्याचा उंबरठा या दोन कॉलेजांच्या जवळजवळ मधोमध आहे. मतदानाचे वय 1988च्या 61व्या घटनादुरुस्तीने 21वरून 18वर आले. त्यापूर्वी पदवीच्या वर्गातील बहुतेक मुले मतदार नसत. लग्नासाठी मात्र मुलाला आजही 21 वर्षे पूर्ण व्हावी लागतात, तेव्हा कायद्याचेही एकमत आहे असे नाही.

घर कायद्याच्या मागून चालते. फी आंब्या-काजूच्या पैशांतूनच भरली जाते, त्यामुळे सज्ञान मुलाच्या विषयनिवडीतही वडिलांचा शब्द चालतो. तरीही शहरात खोली घेऊन राहणाऱ्या मुलाला आई उकडे तांदूळ आणि कुळथाचे पीठ बांधून देते, आणि पहिल्याच आठवड्यात तो फोन करून पिठीला पाणी किती घालायचे ते विचारतो. अकरावीतल्या मुलाला हा प्रश्न पडत नाही, कारण तो संध्याकाळच्या एस.टी.ने घरी येतो तेव्हा पिठी चुलीवर रटरटत असते.