पाणघोड्याचं गोत्र

पाणघोड्याच्या कठड्याशी आम्ही चांगली वीस मिनिटं उभ्या होतो. पाण्यावर दिसत होते फक्त दोन कान, दोन डोळे आणि दोन नाकपुड्या. मधूनच कान भिंगरीसारखे फिरायचे आणि थेंब उडायचे. माझी सहा वर्षांची भाची एवढ्यावरही खूश होती. मग तिनं विचारलं, "मावशी, हा घोडाच आहे ना?"

"नाही गं, नुसतं नाव तसं आहे."

"मग हा कुणाचा कोण?"

बडोद्यातल्या मराठी घरातलं पोर हाच प्रश्न विचारणार. आमच्याकडे नवा पाहुणा आला की पाण्याचं भांडं पुढे करता करता आजी विचारायची, "मूळचे कुठले? कुणापैकी?" भाचीला मी म्हटलं, याचा सगळ्यात जवळचा नातेवाईक याच बागेत आहे, चल दाखवते. आणि तिचं बोट धरून संग्रहालयाच्या वाटेला लागले.

बाग म्हणजे कमाटीबाग. रावपुऱ्यातल्या, दांडिया बाजारातल्या जुन्या माणसांच्या तोंडी अजून हेच नाव आहे. सयाजीबाग हे पाटीवरचं. ११३ एकरांची ही बाग विश्वामित्रीच्या काठी पसरली आहे आणि प्राणीसंग्रहालयाच्या तर मधूनच नदी वाहते. दोन्ही १८७९ सालची. सयाजीराव महाराज तेव्हा सोळा वर्षांचे होते. राज्यकारभाराचे अधिकार हाती यायला अजून दोन वर्षं होती आणि दिवाण टी. माधवराव कारभार पाहत होते.

त्याआधीही बडोद्याला प्राणी पाहायची हौस होतीच, पण ती वेगळ्या जातीची. खंडेराव महाराजांच्या काळात इथल्या अग्गडात, म्हणजे झुंजींच्या मैदानात, हत्तींच्या साठमाऱ्या (झुंजी) व्हायच्या, गेंडेही झुंजवले जायचे. लुई रूसले या फ्रेंच प्रवाशानं १८६० च्या दशकात हे सारं पाहून लिहून ठेवलं आहे. झुंजीला मस्तीत आलेला नर लागे. मस्ती म्हणजे हत्तीच्या अंगातला एक ठरावीक काळाचा बदल: टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक नेहमीच्या कितीतरी पट वाढतं, डोळा आणि कान यांच्या मधल्या ग्रंथीतून काळसर स्राव गालावर ओघळतो, आणि एरवी माहुताचं ऐकणारा हत्ती कुणाचंच ऐकत नाही. शरीराच्या या अवस्थेवर मैदानातला सगळा खेळ उभा होता. १८७५ च्या नोव्हेंबरात ब्रिटनचे युवराज बडोद्याला आले, तेव्हा त्यांनाही झुंजी दाखवल्या गेल्या. त्यानंतर चारच वर्षांनी त्याच गावात प्राणी खाताना, झोपताना, पिलं सांभाळताना पाहायची जागा तयार झाली. पिंजऱ्याचं गुणगान मला करायचं नाही. पण अग्गडातून कमाटीबागेत येणं हा या शहराच्या नजरेतला फार मोठा बदल होता असं मला मनापासून वाटतं.

नात्यांचा विषय निघालाच आहे, तर सयाजीराव महाराजांचंही सांगायला हवं. खंडेरावांनंतर गादीवर आलेले त्यांचे भाऊ मल्हारराव पदच्युत झाल्यावर खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाईंना दत्तक घेण्यासाठी गायकवाडांच्या रक्ताचा मुलगा हवा होता. तो सापडला नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावी, शेती करणाऱ्या एका घरात. घराण्याची शाखा कधीच दूर गेली होती, राहणी पार बदलली होती. त्या मुलाकडे, गोपाळरावाकडे, नुसतं पाहून कुणी त्याला राजवाड्याशी जोडलं नसतं. नातं वंशावळीत सापडलं. २७ मे १८७५ रोजी तो दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. प्राणिशास्त्रातही असंच होतं. कोण कुणासारखं दिसतं यावरून नाती लावली की चुकायला होतं. दूर गेलेली शाखा ओळखायला वंशावळच काढावी लागते.

संग्रहालयाची इमारत १८९४ ची. ईजिप्तची ममी पाहायला लोक गर्दी करतात, पण मी भाचीला नेलं निळ्या देवमाशाच्या सांगाड्यापाशी. १९४४ मध्ये महीच्या मुखाशी, खंभातच्या आखाताच्या काठाला, हा देवमासा वाहून आला. सांगाडा सत्तर फुटांहून लांब आहे. त्याच्या जबड्याच्या हाडांच्या कमानीखाली उभं राहिलं की आपला आवाज आपोआप उतरतो.

"हा पाणघोड्याचा कोण?" तिनं कुजबुजत विचारलं.

चुलतभाऊ. आज पृथ्वीवर जिवंत असलेल्या प्राण्यांत पाणघोड्याचे सगळ्यात जवळचे नातेवाईक म्हणजे देवमासे आणि डॉल्फिन. नावात घोडा, अंगकाठीनं डुक्कर, आणि नात्यानं देवमासा, असा हा प्राणी. देवमाशाच्या नावातही मासा आहेच. आपल्या भाषेनं दोघांनाही दिसले तशी नावं दिली, त्यात तिची काही चूक नाही. शास्त्रज्ञही फार काळ पाणघोड्याला डुकराच्या घरातलाच समजत होते. दात आणि कवटी तसंच सांगत होती.

हे नातं कळलं कसं, ते बडोदेकरांना समजावणं तुलनेनं सोपं आहे. इथल्या प्राच्यविद्या मंदिरात वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती तयार झाली. १९६० ते १९७५ या काळात तिचे सात खंड निघाले. अशा कामात देशभरच्या पोथ्या समोर ठेवतात. दोन पोथ्यांत बरोबर मजकूर सारखा असेल तर त्यावरून फारसं कळत नाही, कारण बरोबर मजकूर सगळीकडेच असतो. पण एकाच ठिकाणी एकच चूक, एकच घुसडलेली ओळ दोघींत सापडली, की त्या दोघी एकाच जुन्या पोथीवरून उतरल्या असं धरतात. चुका पोथ्यांची वंशावळ सांगतात.

डीएनएचंही तसंच. त्यात काही लहान तुकडे असे असतात की ते स्वतःची नक्कल करून भलत्याच जागी जाऊन बसतात. एकदा बसले की सहसा हलत नाहीत, आणि पुढच्या पिढ्या ती घुसडलेली ओळ निमूटपणे उतरवत राहतात. १९९० च्या दशकात जपानी संशोधकांना पाणघोड्यात आणि देवमाशात असे तुकडे अगदी त्याच जागी बसलेले सापडले. डुकराच्या डीएनएत त्या जागा मोकळ्या होत्या. अब्जावधी अक्षरांच्या पोथीत एकाच ठिकाणी तीच ओळ दोघांनी आपापली घुसडावी, हे जवळजवळ अशक्यच. दोघांचा पूर्वज एक होता, सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचा.

हाडांची साक्ष नंतर मिळाली. गाय, बकरी, डुक्कर, पाणघोडा हे सगळे समखुरी, म्हणजे पायाला दोन किंवा चार बोटं टेकवणारे. त्यांच्या घोट्यातलं एक हाड दोन्ही टोकांना कप्पीसारखं असतं आणि इतर कुठल्याही सस्तन प्राण्यात ते तसं नसतं. (घोडा विषमखुरी, त्याच्या घोट्यात ही दुहेरी कप्पी नाही.) आजच्या देवमाशाला घोटाच नाही, तेव्हा तपासणार काय? २००१ मध्ये पाकिस्तानातल्या खडकांतून पाय असलेल्या आदिम देवमाशांचे जीवाश्म जाहीर झाले, आणि त्यांच्या घोट्यात ती दुहेरी कप्पी होती. वाद बहुतांशी तिथेच मिटला.

याहून मला आवडते ती काश्मीरच्या दगडांची गोष्ट. भूशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी कालाकोट भागातून जीवाश्मांनी भरलेले दगड गोळा केले होते. ते वर्षानुवर्षं डेहराडूनच्या घरात पडून राहिले. रावांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नीनं ते हान्स थेविसन या संशोधकाच्या हवाली केले. दगड साफ करताना एका कवटीचा कानाकडचा भाग चुकून तुटला आणि आतलं हाड उघडं पडलं. कानाभोवतीच्या त्या हाडाची एक कड जाडजूड होती, आणि ही खूण तोवर फक्त देवमाशांच्या घरात माहीत होती! प्राणी मात्र मांजराएवढा, चार पायांचा, खुरांचा. इंडोहायस हे त्याचं नाव, काळ सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीचा, शोध जाहीर झाला २००७ मध्ये. त्याच्या पायांची हाडं भरीव आणि जड होती. अशी हाडं पाण्याच्या तळाशी चालणाऱ्याच्या कामाची. आमच्या कठड्यापलीकडचा पाणघोडाही पोहत नाही. तो तळावर पाय टेकवत चालतो, उसळ्या घेतो आणि पाचेक मिनिटांनी श्वासाला वर येतो.

पुढचा मुक्काम तर गुजरातेतलाच. कच्छच्या खडकांत कच्छिसेटस नावाच्या छोट्या देवमाशाचे अवशेष मिळाले आहेत. आखूड पाय, लांब शेपूट, पाणमांजरासारखा बांधा. चार-साडेचार कोटी वर्षांपूर्वी कच्छ उथळ समुद्राखाली होता आणि देवमाशांचे पूर्वज त्याच्या काठाकाठानं जमीन सोडत होते. संग्रहालयातला हा सत्तर फुटांचा देह त्यांच्याच घराण्याचा. त्याच्या वल्ह्यासारख्या पराच्या आत आजही दंडाचं हाड आहे, कोपर आहे, बोटांची पेरं आहेत. भाचीनं आपला हात वर धरून पडताळून पाहिलं.

परत येताना पाणघोडा पाण्याबाहेर आला होता आणि त्याच्या पाठीवर तांबूस चमक होती. "याला लागलंय!" असं बाजूचे एक गृहस्थ कळवळून म्हणाले. लागलेलं नसतं. पाणघोड्याच्या कातडीतून लाल आणि नारिंगी रंगद्रव्यं स्रवतात. अंगावर केस जवळजवळ नाहीत, उन्हात कातडी भाजते, आणि नरांच्या मारामाऱ्यांत जखमा तर रोजच्याच. ही रंगद्रव्यं अतिनील किरण शोषून घेतात आणि लाल द्रव्य जंतूंची वाढही रोखतं, हे जपानी रसायनशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये दाखवून दिलं.

आता पूल. नदीवरच्या पुलावर आलं की लोकांची पावलं आपोआप मंदावतात आणि सगळे कठड्यावरून खाली वाकतात. वाघसिंहांसाठी पिंजरे आहेत. पण या शहराचा खरा रहिवासी प्राणी खाली गाळावर मोकळा पडलेला असतो. मगर. पावागढच्या डोंगरात उगम पावलेली विश्वामित्री भर वस्तीतून वाहते आणि तिच्यात चारशेच्या वर मगरी आहेत. २०२४ च्या ऑगस्टातल्या पुरात आजवा जलाशयाचं पाणी सुटलं आणि मगरी गल्ल्यांत, अंगणांत, एक तर छपरावर दिसली. वनखात्यानं २७ ते २९ ऑगस्ट या तीन दिवसांत २४ मगरी पकडल्या. एवढं होऊनही इथला माणूस मगरीवर दात धरून नाही. खोडियार माता मगरीवर बसते, हे त्यामागचं एक कारण असावं.

मगर दिवसभर पडून राहते म्हणून तिला आळशी म्हणणं अन्यायाचं आहे. तिचं अंग उन्हावर तापतं, त्यामुळे तिला आपल्यासारखी आतली चूल सतत पेटती ठेवावी लागत नाही आणि थोडक्या खाण्यावर तिचं भागतं. ऊन असह्य झालं की ती काठात खोदलेल्या बिळात शिरते. उन्हाळ्यात मादी काठावर खड्डा करून पंचवीस-तीस अंडी घालते. पिलू नर होणार की मादी, हे मातीच्या उबेवर ठरतं: २८ ते ३१ अंशांत सगळ्या माद्या, साडेबत्तीसच्या आसपास नर. पावसाच्या तोंडाशी अंड्यातूनच पिलं चिवचिवायला लागतात, आई ते ऐकून वाळू उकरते आणि त्यांना जबड्यात धरून पाण्याशी नेते. आपण ज्यांना खोटे अश्रू समजतो ते नक्राश्रूही खरेच असतात. मगरीच्या भाऊबंदांवर, केमन आणि अॅलिगेटरवर, कोरड्या जमिनीवर केलेल्या एका निरीक्षणात सातांपैकी पाचांच्या डोळ्यांत खाताना पाणी आलं. दुःखाशी त्याचा संबंध नाही; खाताना आत जोरानं खेळणारी हवा ते ढकलत असावी.

"आणि ही कुणाची कोण? पालीची ना?" भाचीला आता नाद लागला होता.

पालीची लांबची. मगरीचे सगळ्यात जवळचे जिवंत नातेवाईक म्हणजे पक्षी. दोघांचा पूर्वज चोवीस-पंचवीस कोटी वर्षांपूर्वीचा; डायनोसॉर पक्ष्यांच्या बाजूचे. मगरीचं हृदय पक्ष्यासारखं चार कप्प्यांचं असतं, पालीचं तीन. अॅलिगेटरच्या फुप्फुसात हवा पक्ष्यांसारखी एकाच दिशेनं फिरते, हे २०१० मध्ये कळलं. अंड्यातली चिवचिव आणि पिलांची राखण तर दोन्ही घरांत आहे.

पण नात्यानं भूक भागत नाही. मद्रासच्या मगर उद्यानातल्या मगरी नाकाडावर काड्या तोलून बगळ्यांच्या वसाहतीखाली पाण्यात निश्चल पडून राहतात, असं २०१३ मध्ये नोंदवलं गेलं. घरट्यासाठी काडी उचलायला बगळा खाली आला की जबडा मिटतो.

हे मी सांगत असतानाच खालच्या गाळावर एक बगळा उतरला, मगरीपासून चार हातांवर. मगरीचे डोळे अर्धे मिटलेले होते. नाकाडावर काडीबिडी काही नव्हती. तरी भाची कठड्याच्या गजांना धरून ओरडली, "अरे, ती तुझी चुलतबहीण आहे, पण उड!"