‘पीस चांगला लागला’ म्हणजे नेमकं काय?

नवी पेठेतल्या एकाच दुकानातून, एकाच मॉडेलचे दोन मोबाइल घ्या. एप्रिलच्या सोलापुरी उन्हात एक हातात धरवत नाही, दुसरा निवांत चालतो. दुकानदार म्हणतो, “साहेब, पीस-पीसमध्ये फरक असतो.” गिऱ्हाइकाला ही सारवासारव वाटते. ॲप, सिग्नल, बॅटरी ही कारणं असतातच. पण त्या वाक्यात खरं भौतिकशास्त्रही आहे, आणि मला ते इतकं आवडतं की आजचा लेख त्यावरच.

सर्वसाधारण समज असा, की चिप यंत्रावर बनते, सगळी नक्षी एकाच मास्कमधून (छापाच्या साच्यातून) छापली जाते, म्हणजे तिच्यातले ट्रान्झिस्टर तंतोतंत सारखे असणार. ते तसे नसतात. कारखाना कितीही चोख असला तरी नसतात.

ट्रान्झिस्टर म्हणजे विजेचा स्विच, हे शाळेत शिकलेलं असतं. गेटवर, म्हणजे त्याच्या नियंत्रण करणाऱ्या टोकावर, पुरेसं व्होल्टेज दिलं की तो सुरू होतो. हे ‘पुरेसं’ म्हणजे थ्रेशोल्ड व्होल्टेज, समजा ०.४ व्होल्ट. ते बऱ्याच अंशी ठरतं गेटखालच्या सिलिकॉनमध्ये मिसळलेल्या बोरॉनवरून. आता हा बोरॉन मोजू. गेटखालचा तुकडा ५० नॅनोमीटर लांब, ५० रुंद आणि २० खोल धरा. त्यात सिलिकॉनचे अणू सुमारे २५ लाख. बोरॉनचं प्रमाण घन सेंटीमीटरला एकावर अठरा शून्यं इतके अणू असेल, तर या तुकड्यात बोरॉन येतो फक्त ५० अणू. पन्नास!

मंगळवेढ्याकडे ज्वारी पाभरीने पेरतात तेव्हा दाणे ओळीत, साधारण ठरल्या अंतराने पडतात. बोरॉनची पेरणी मात्र फोकून केलेली असते. बोरॉनचे आयन (विद्युतभारित अणू) वेगाने सिलिकॉनवर आदळतात आणि जिथे थांबतील तिथे थांबतात. त्यामुळे एका तुकड्यात ४३ पडतात, शेजारच्यात ५८. अशा फेकीत संख्येचा चढउतार सरासरीच्या वर्गमुळाइतका असतो. पन्नासचं वर्गमूळ सात, म्हणजे १४ टक्के. हाच तुकडा एक मायक्रॉन लांब-रुंद असता, तर अणू २० हजार, चढउतार १४१, म्हणजे एक टक्काही नाही. जुन्या मोठ्या ट्रान्झिस्टरना हा त्रास जाणवला नाही तो यामुळे. आयबीएमच्या रॉबर्ट कीज यांनी १९७५ मध्येच या चढउताराचा हिशेब मांडला होता. पुढे १९८९ मध्ये फिलिप्समधल्या मार्सेल पेलग्रॉम आणि सहकाऱ्यांनी मोजमापांवरून नियम दिला: गेटचं क्षेत्रफळ चौपट केलं की शेजारच्या दोन ट्रान्झिस्टरमधल्या फरकाचा पसारा निम्मा होतो.

संख्या हा अर्धाच भाग झाला. बोरॉनचे अणू कुठे पडले, यानेही फरक पडतो. ग्लासगो विद्यापीठाच्या आसेन आसेनॉव यांनी १९९८ मध्ये संगणकात एकेक अणू वेगळा मांडून त्रिमितीय सिम्युलेशन केलं. बोरॉन सगळीकडे सारखा पसरलाय असं धरून काढलेल्या उत्तरापेक्षा या ट्रान्झिस्टरचं सरासरी थ्रेशोल्ड कमी आलं. हे सुंदर आहे. बोरॉन दाट आहे तिथे प्रवाह अडतो, विरळ आहे तिथून आधी सुटतो. स्विच सुरू व्हायला सगळा रस्ता मोकळा व्हावा लागत नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक सलग वाट मिळाली की पुरे. फोकून पेरलेल्या बोरॉनमध्ये अशी वाट बऱ्याचदा सापडते.

हे स्वतः करून बघता येतं. पायथन असलेला साधा लॅपटॉप घ्या. सरासरी ४०० मिलिव्होल्ट, पसारा (सिग्मा) ३० मिलिव्होल्ट अशा दहा हजार यादृच्छिक संख्या काढून आलेख काढा. परिचित घंटेचा आकार येईल. आता प्रत्येक ट्रान्झिस्टर बंद असतानाही त्यातून किती वीज गळते ते काढा. ही गळतीही चिप तापवते. थ्रेशोल्ड ९० मिलिव्होल्टने उतरलं की गळती दसपट, हा ढोबळ नियम वापरा. घंटा मोडते, उजवीकडे लांब शेपूट निघते. अगदी मधल्या ट्रान्झिस्टरची गळती १ धरली तर सगळ्यांची सरासरी १.३४ येते. चुकून जास्त गळणारे जितकं बिघडवतात, तितकं कमी गळणारे भरून काढत नाहीत. त्यात चिप तापली की थ्रेशोल्ड दर अंशाला एक-दोन मिलिव्होल्टने आणखी उतरतं. तापलेला फोन आणखी तापतो, त्यात याचा वाटा असतो.

याला नशीब म्हणून सोडून देऊ नका. गुरुपुष्यामृताचा मुहूर्त साधून मोबाइल घेतल्याने बोरॉनचा एकही अणू हलत नाही. आणि जाहिरातीतल्या ‘२ नॅनोमीटर’लाही भुलू नका, ते पिढीचं नाव आहे, चिपवर मोजता येणारी लांबी नव्हे.

इंजिनिअरिंगच्या मुलांनी पुढची पायरी चढावी. एक मेगाबाइट कॅशमध्ये (चिपवरच्या वेगवान मेमरीत) सुमारे ८४ लाख पेशी, एका बिटाला एक, प्रत्येकीत सहा ट्रान्झिस्टर, म्हणजे पाच कोटी. पाच सिग्मापलीकडे एका बाजूला जाण्याची शक्यता ३५ लाखांत एक. म्हणजे या कॅशमध्ये असे साधारण चौदा निघणारच, आणि तसली एखादी पेशी बिट विसरू शकते. म्हणून मेमरीत जादा ओळी राखून ठेवतात. दहा हजारांच्या घंटेत हे चौदा दिसणारच नाहीत. त्यासाठी क्यू-क्यू आलेख काढा: सगळी मूल्यं चढत्या क्रमाने लावा, आडव्या अक्षावर त्या क्रमांकाला आदर्श गॉसियन (म्हणजे घंटेच्या आकाराच्या) वितरणात किती सिग्मा यायला हवं ते घ्या. वितरण गॉसियन असेल तर सरळ रेषा येते, तिचा चढ म्हणजेच सिग्मा. टोकं वाकली, तर शेपटीबद्दलचा अंदाज फसला. ग्लासगोच्याच गटाने २००९ मध्ये एक लाख ट्रान्झिस्टरचं अणुपातळीवरचं सिम्युलेशन केलं, आणि वितरण शुद्ध गॉसियन नाही हे त्यातून दिसलं. शेपटीपर्यंत लवकर पोचायचं, तर मुद्दाम टोकाचेच नमुने जास्त काढून नंतर त्यांचं वजन तितकंच कमी करतात.

इंटेलने २०११ मध्ये २२ नॅनोमीटर पिढीसाठी फिनफेट, म्हणजे उभ्या पट्टीचा ट्रान्झिस्टर, जाहीर केला. त्याच्या पातळ उभ्या पट्टीत बोरॉन जवळपास घालावाच लागत नाही, त्यामुळे पेरणीचा प्रश्न खूप हलका झाला. पण गेटच्या धातूचे कण वेगवेगळ्या दिशांनी बसतात आणि पट्टीच्या कडा खडबडीत राहतात. थ्रेशोल्डचा पसारा आता मुख्यतः तिथून येतो.