जपानी भाषा-संस्कृती प्रशिक्षण शिष्यवृत्ती

जपानबाहेरील विद्यापीठांत जपानी भाषा वा संस्कृती हा मुख्य विषय घेतलेल्या पदवी विद्यार्थ्यांना जपान सरकारकडून मिळणारी, साधारण एका वर्षाची शिष्यवृत्ती. जपानीत अशा प्रशिक्षणासाठी आलेल्या विद्यार्थ्याला ‘निक्केनसेई’ म्हणतात. सरकारी खर्चाने आलेला तो ‘कोकुही’ आणि स्वखर्चाने आलेला तो ‘शिही’.

उगमाबद्दल मतभेद आहेत. काही अभ्यासक परंपरा १८९६ पर्यंत मागे नेतात. त्या वर्षी चीनहून आलेल्या १३ विद्यार्थ्यांची व्यवस्था ज्यूदोचे प्रवर्तक कानो जिगोरो यांच्याकडे सोपविण्यात आली होती. मात्र त्यांना पाठविले ते जपानने नव्हे, तर चीनच्या तत्कालीन छिंग राजवटीच्या सरकारने. बॉक्सर बंडाच्या (चीनमधील परकीयविरोधी उठावाच्या) भरपाईपोटी चीनकडून मिळणाऱ्या रकमेतून चिनी विद्यार्थ्यांना साहाय्य देण्याची सोय जपानच्या १९२३ च्या कायद्यानंतर झाली. तिलाही काही जण पूर्वरूप मानतात. १९४३-४४ मध्ये जपानने व्यापलेल्या आग्नेय आशियातून सुमारे २०० ‘दक्षिण प्रदेशाचे विशेष विद्यार्थी’ आणण्यात आले. खर्च जपानचा असला, तरी हेतू युद्धकालीन होता. त्यांच्यातला मलायाचा सय्यद ओमर हिरोशिमात अणुस्फोटात सापडला आणि घरी परतण्याच्या वाटेवर क्योटोत मरण पावला. त्याची कबर तेथील एन्को-जी मंदिराजवळ आहे. या शिष्यवृत्तीचा इतिहास सांगताना त्याला वगळणे अन्यायाचे होईल. तथापि सध्याच्या योजनेचा आरंभ १९५४ हाच धरणे अधिक सयुक्तिक वाटते. सरकारी खर्चाने परदेशी विद्यार्थ्यांना शिकविण्याची आजही चालू असलेली पद्धत त्या वर्षी सुरू झाली, आणि त्याच वर्षी जपान कोलंबो योजनेत (आशियाई देशांच्या विकासासाठीच्या साहाय्य-योजनेत) सामील झाला. भाषा-संस्कृतीची स्वतंत्र शाखा बहुधा १९७९ मध्ये निघाली. २००१ पर्यंत योजना शिक्षण मंत्रालयाकडे (मोंबुशो) होती. पुनर्रचनेनंतर ती मोंबुकागाकुशो या नव्या शिक्षण-विज्ञान मंत्रालयाकडे आली. ‘मोंबुशो’ हे जुने नाव अजून बोलण्यात आहे.

निवड वकिलातीमार्फत किंवा विद्यापीठाच्या शिफारशीने होते. वकिलातीच्या मार्गात जपानी भाषेची लेखी परीक्षा आणि मुलाखत असते. वयोमर्यादा साधारणपणे १८ ते ३० च्या आत. शिक्षणशुल्क माफ, विमानप्रवास आणि अलीकडच्या वर्षांत दरमहा १,१७,००० येन. विद्यार्थ्याने दर महिन्याला विद्यापीठाच्या कचेरीत जाऊन हजेरीची सही करायची असते. सही चुकली की त्या महिन्याचे पैसे मिळत नाहीत. अभ्यासक्रम दोन प्रकारचे: एकात संस्कृतीवर भर, दुसऱ्यात भाषेवर. वर्ष संपल्यावर मूळ विद्यापीठात परतणे बंधनकारक असते.

अभियांत्रिकी वा अर्थशास्त्राची पदवी घेताना जोडीला जपानी शिकणारे अपात्र ठरतात. ही अट महाराष्ट्रात विशेष जाणवते. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूतील विद्यापीठीय वर्गांनी आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठाच्या जपानी विभागाने ही भाषा रुजविली, पण अभियांत्रिकीचा अभ्यास सांभाळून संध्याकाळी कांजी (जपानीतील चिनी मूळची अक्षरे) गिरविणारे तेथे पुष्कळ आहेत. मेहनतीत ते कुणाला हार जाणार नाहीत, तरीही त्यांना या शिष्यवृत्तीसाठी अर्ज करता येत नाही. त्यांच्यासाठी पदवीनंतर, आपापल्या विषयातील संशोधन शिष्यवृत्ती हा मार्ग उरतो.